१६ पिक्सेलमध्ये टेबल कसं मांडायचं

'आमच्या डिजिटल वर्कस्पेससाठी एक साधासा आयकॉन करून द्या' असं काम हातात आलं की पहिल्या तासाभरात आर्टबोर्डवर लॅपटॉप येतो, मग कप, मग ढग, मग तीन माणसांची डोकी आणि कोपऱ्यात दातेरी चक्र. सगळ्यांचं असंच होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण 'साधासा' या शब्दाला भुलू नका. साधं करायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ आधीच मागून घ्यायला हवा. फिग्मा किंवा इंकस्केपसारखं चित्रकामाचं सॉफ्टवेअर चालवता येतं, पेन टूल हाताला बसलंय, असं धरून पुढचं लिहिलं आहे.

आधी अर्थाचं बघू. वर्कस्पेस ही हातात धरायची वस्तू नाही, म्हणून तिचं स्वतःचं चित्रही नाही. ते उसनं आणावं लागतं, आणि बहुतेक आकार आधीच कुणीतरी अडवून ठेवलेले आहेत. ब्रीफकेस काढलीत तर लोक नोकरी किंवा व्यवसाय समजतात. ढग स्टोरेजचा, दातेरी चक्र सेटिंग्जचं. एकमेकांवर सरकलेल्या दोन चौकटी म्हणजे कॉपी. चौकटीखाली मधोमध एक पाय म्हणजे मॉनिटर. चार कमीजास्त आकाराचे चौकोन डॅशबोर्डचे, आणि चौकटीत डावीकडे उभी पट्टी म्हणजे साइडबार उघडा-मिटा. हे संकेत लोकांच्या बोटांत बसलेले आहेत. तुमच्या ॲपसाठी ते कुणी विसरणार नाही.

उरतं टेबल. हे उसनं जुनं आणि खात्रीचं आहे. १९८१ साली झेरॉक्स स्टार या संगणकाने पडद्यावरच टेबल मांडलं, त्यावर कागद, फोल्डर, येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाचे ट्रे ठेवले. १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी डिझायनर सुझन केअर यांनी ३२ बाय ३२ चौकटींत आयकॉन बसवले. तेव्हापासून काम आणि टेबल यांचं नातं स्क्रीनवर पक्कं आहे. म्हणून आपल्या उदाहरणात दोनच गोष्टी घेऊ: दोन टोकांना पाय असलेली टेबलाची फळी आणि त्यावर उभी एक ॲपची खिडकी, जिच्या माथ्यावर भरीव पट्टी आहे. पाय कडेला असल्यामुळे मॉनिटर वाटत नाही आणि माथ्यावरच्या पट्टीमुळे भिंतीवरची तसबीर वाटत नाही. कप घालायचा मोह होईल. घालू नका.

आता मापं. २४ बाय २४ चं ग्रिड घ्या. चारही बाजूंना २ एकक मोकळी सोडायची, म्हणजे कामाची जागा २० बाय २०. गूगलचे मटेरियल आयकॉन याच शिस्तीत बसवलेले आहेत आणि अपाची परवान्याखाली खुले आहेत. ते उघडून मापं मोजत बसा, एका आठवड्यात जे हाताला लागतं ते ट्युटोरियलच्या शंभर व्हिडिओंत मिळत नाही. आकडे डावीकडून आणि वरून मोजायचे. खिडकी आडवी ५ ते १९, उभी ३ ते १३, तिची रेघ २ जाडीची. माथ्यावरची पट्टी ३ ते ६. खाली २ एककांची फट. फळी आडवी २ ते २२, उभी १५ ते १७. पाय ४ ते ६ आणि १८ ते २०, खाली २१ पर्यंत. डावं-उजवं सारखं, वर ३ मोकळे, खालीही ३. दहा मिनिटांचं काम.

आणि इथूनच घात सुरू होतो.

हा आयकॉन ४०० टक्के झूम करून बघितला की छान दिसतो. मग तो १६ पिक्सेलला एक्सपोर्ट होतो, ब्राउझरच्या टॅबवर जातो आणि तिथे राखाडी डाग दिसतो. नवखा माणूस स्वतःच्या नजरेला दोष देतो, रंग गडद करतो, सावली घालतो, दोन दिवस जातात, आपल्याला हे जमणारच नाही असं वाटायला लागतं. दोष नजरेचा नाही, भागाकाराचा आहे. तो एकदा कागदावर मांडून बघा, म्हणजे पुन्हा फसणार नाही.

२४ चे १६ करताना प्रत्येक आकडा दोन तृतीयांश होतो. खिडकीची डावी रेघ ५ ते ७ होती, ती ३.३३ ते ४.६७ झाली. स्क्रीनला अर्धा पिक्सेल रंगवता येत नाही. तो फिका करता येतो. म्हणून एका काळ्या रेघेऐवजी शेजारीशेजारी दोन स्तंभ उमटतात, दोन्ही ६७ टक्के राखाडी. खिडकीच्या तळाच्या रेघेचंही तेच, ११ ते १३ चे ७.३३ ते ८.६७. टेबलाची फळी १५ ते १७ ची १० ते ११.३३ झाली: एक ओळ पूर्ण काळी, तिच्याखाली एक तृतीयांश छटेची भुतासारखी ओळ. आणि माथ्यावरची पट्टी? ३ ते ६ चे नेमके २ ते ४. दोन ओळी कडक काळ्या. एकाच आयकॉनमध्ये पट्टी टोकदार, फळीला खाली धूसर कड, खिडकीच्या बाजू मळकट. मूळ चित्रात सगळं एकाच काळ्या रंगाचं होतं. तुम्ही काही चुकीचं काढलेलं नाही, फक्त आकडे पिक्सेलच्या सीमेवर बसत नाहीत.

५१२ च्या आर्टबोर्डवर सुरुवात करणाऱ्यांचं याहून वाईट होतं. तिथे १२ पिक्सेलची रेघ ठसठशीत वाटते. १६ ला ती ३२ ने भागली की ०.३७५ पिक्सेल. म्हणजे जवळजवळ नाहीच. १६ वर एक पूर्ण पिक्सेल हवा असेल तर ५१२ वर रेघ किमान ३२ ची हवी, आणि ३२ ची रेघ मोठ्या आर्टबोर्डवर इतकी जाड दिसते की हात आपोआप बारीक करतो. म्हणूनच मोठ्यावरून लहानाकडे जायचं नाही.

उपाय एकच: १६ चा आयकॉन वेगळा काढायचा. शक्यतो तोच आधी. ग्राफची वही घ्या, १६ बाय १६ घरं आखा, पेन्सिलीने घरं भरा. घर भरायचं किंवा सोडायचं, मधलं काही नाही. ठिपक्यांची रांगोळी घालताना आधी ठिपके पडतात आणि मग रेघा त्यांच्या हिशोबाने वळतात, तसंच. आपलं टेबल इथे असं बसतं: खिडकी आडवी ३ ते १३, उभी २ ते ९, रेघ १ ची, माथ्याची पट्टी २ ते ४, एक ओळ रिकामी, फळी १ ते १५, उभी १० ते १२, पाय २ ते ४ आणि १२ ते १४, उभे १२ ते १४. वर २ मोकळे, खाली २. खिडकीच्या आत ८ बाय ४ ची पांढरी जागा उरते. ती पांढरी जागाच आयकॉन वाचवते. तिथे काहीही घालायचं नाही, एक ठिपकासुद्धा.

सॉफ्टवेअरमध्ये हे काढताना आणखी एक खाच आहे. स्ट्रोक, म्हणजे रेघेची जाडी, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पसरतो. १ जाडीची रेघ पूर्णांकावर ठेवलीत तर ती अर्धी इकडे, अर्धी तिकडे, पुन्हा दोन फिके स्तंभ. ती ३.५ अशी अर्ध्यावर ठेवावी लागते. २ जाडीची मात्र पूर्णांकावरच बरी. दीड जाडीची रेघ या मापाला कुठेही ठेवा, एक कड धूसर होणारच. फिग्मात 'स्नॅप टू पिक्सेल ग्रिड' चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते चौकटीची जागा सांभाळतं, स्ट्रोकच्या कडा कुठे पडतात ते तुम्हालाच मोजायचं आहे.

मोठ्या रिझोल्यूशनच्या फोनवर हे सगळं लपतं. तिथे १६ च्या जागी प्रत्यक्षात ३२ किंवा त्याहून जास्त पिक्सेल असतात. म्हणून नव्या मॅकबुकवर तपासून 'ठीक आहे' म्हणू नका. १३६६ बाय ७६८ चा साधा लॅपटॉप शोधा, झूम १०० टक्के ठेवा, दहा टॅब उघडा आणि हातभर अंतरावरून आपला टॅब सापडतो का बघा. विंडोजमध्ये स्केल १२५ टक्के असला तर १६ चे २० होतात, १५० ला २४. टॅबच्या आयकॉनच्या आयसीओ फाइलमध्ये १६, २०, २४, ३२, ४८ आणि २५६ हे सगळे आकार घाला. २० चा आयकॉन हाताने बसवायला कंटाळा येतो, तरी बसवा.

रंगाला शेवटी हात लावा. काळ्यात चालत नसेल तर रंगात चालणार नाही. आकृती आणि पार्श्वभूमी यांत निदान ३ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट हवा, वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या नियमावलीतही आयकॉनसाठी हीच अट आहे. पिवळ्यावर पांढरं तिच्या जवळपासही जात नाही. एकच रंग पुरतो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जी सूटचं गूगल वर्कस्पेस झालं, तेव्हा जीमेल, ड्राइव्ह, कॅलेंडर सगळ्यांना तेच चार रंग मिळाले आणि टॅबमध्ये एक ओळखावा तर दुसराच निघतो अशी तक्रार जगभर झाली. एवढ्या मोठ्या टीमला जे अवघड गेलं ते आपल्याला सोपं जाईल असं समजू नये.

मराठी ॲपसाठी नावाचं पहिलं अक्षर घ्यावं असं हमखास सुचवलं जातं. कल्पना चांगली आहे, पण अक्षर बघून. शिरोरेषेलाच दोन ओळी जातात. ग, र, प हे मोकळे असतात, तरतात. श, क्ष, ख यांच्या गाठी १६ ला बुजतात. २०१० साली स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह जवळून बघा: आयआयटी मुंबईत शिकलेल्या उदयकुमार यांनी 'र' ला एक जादा आडवी रेघ दिली आणि तिथेच थांबले.

शॉर्टकटबद्दल स्पष्ट सांगतो. एआयकडून आयकॉन काढून घेतलात तर बहुधा पिक्सेलचं चित्र मिळतं; ते ट्रेस केलं की जिथे आठ बिंदू पुरतात तिथे शेकडो येतात आणि कडा कुठल्याच ग्रिडवर बसत नाहीत. कल्पना सुचायला वापरा, फाइल द्यायला नको. दोन वेगळ्या संचांतले आयकॉन एकत्र करू नका, एकाची टोकं गोल आणि दुसऱ्याची चौकोनी हे ग्राहकाला सांगता येत नाही, पण खटकतं. मार्गदर्शक निवडताना एक खूण बघा: जो पहिल्यांदा '१६ ला कसा दिसतो दाखव' म्हणतो त्याच्याकडे शिका. फक्त मॉकअपवर वाहवा करणाऱ्याकडून उत्साह मिळेल, हात सुधारणार नाही. पोर्टफोलिओतही १६, २४ आणि ४८ शेजारीशेजारी ठेवा, टाकून दिलेल्या तीन आकृत्यांसकट.

पाठवणीचं थोडक्यात. अँड्रॉइडचा ॲडॅप्टिव्ह आयकॉन, म्हणजे फोनप्रमाणे बाहेरचा आकार बदलणारा, १०८ डीपीचा (डीपी हे अँड्रॉइडचं माप), दिसतो ७२, सुरक्षित वर्तुळ ६६ व्यासाचं. आपली २४ ची आकृती अडीचपट केली की ५० बाय ४५ होते. सगळ्यात लांबचं टोक, म्हणजे पायाचा खालचा कोपरा, मध्यापासून ३० डीपीवर येतं, ३३ च्या आत. प्ले स्टोअरला ५१२, ॲपलला १०२४. कोपरे आपण गोल करायचे नाहीत, ते काम त्यांचं. आयफोनच्या होम स्क्रीनसाठीच्या १८० च्या पीएनजीला पार्श्वभूमी भरा, पारदर्शक ठेवलीत तर ती काळी होते. टॅबसाठीही भरीव तुकड्यावर आकृती ठेवा, नाहीतर डार्क मोडमध्ये काळं टेबल काळ्यात बुडतं. एसव्हीजी देण्याआधी स्ट्रोकचं आउटलाइन करा, म्हणजे रेघेचा भरीव आकार करा, पण मूळ स्ट्रोकवाली फाइल वेगळी जपून ठेवा. ग्राहक पंधरा दिवसांनी 'पाय जरा जाड करा' म्हणतोच.

आणि आयकॉनखाली नाव लिहायला सांगा. अमूर्त कल्पनेचा आयकॉन शब्दाशिवाय पहिल्या भेटीत कळत नाही, कितीही चांगला काढला तरी. घरातल्या कुणालाही पाच सेकंद दाखवा, झाका आणि काय होतं ते विचारा. 'टेबल आणि कॉम्प्युटर' असं उत्तर आलं तर आकृती बसली. 'वर्कस्पेस' हा शब्द त्यांच्याकडून यावा ही अपेक्षा ठेवू नका.