जुन्या फियाटची पेट्रोल टाकी गळतेय? या चुका टाळा

पाऊस सरला की माझा फोन वाजायला लागतो. चार महिने ताडपत्रीखाली झोपलेली फियाट दसऱ्यासाठी बाहेर काढलेली असते, आणि धुताना कोणाच्या तरी लक्षात येतं की डिकीतून पेट्रोलचा वास येतोय. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "काका, एम-सील लावू का?"

नको. एम-सील चांगलंच आहे, पण कोरड्या, घासलेल्या पत्र्यावर. पेट्रोलने ओल्या पत्र्याला ते धरत नाही. चार दिवस धरल्यासारखं वाटतं, मग पापुद्र्यासारखं सुटतं. नंतर त्याच जागी डाख (वितळवलेल्या कथलाचा सांधा) लावायचा म्हटलं तर आधी ते खरवडण्यात अर्धा दिवस जातो. अडल्या वेळी गाडी घरी आणायची असेल, तर ट्रकवाले करतात तसं कपडे धुण्याचा साबण भोकावर दाबून घासा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. पण हा उपाय घरी पोहोचण्यापुरता, त्या भरवशावर महाबळेश्वरला निघायचं नाही.

थेंब पडतो तिथेच भोक आहे, असं धरून चालणं ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या 1968 च्या फियाट डिलाइटची टाकी मी उतरवली, खालच्या शिवणीला डाख मारून घेतला, परत बसवली, आणि तिसऱ्या दिवशी थेंब पुन्हा तिथेच! टाकी पुन्हा उतरवली. शेवटी सापडलं ते असं की, टाकीच्या डोक्यावर पेट्रोल काट्याचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी दाखवणारा भाग) बसवतात, त्याच्या झाकणाखालचं पॅकिंग वाळून चिरलं होतं. पेट्रोल तिथून निघायचं, टाकीच्या अंगावरून ओघळायचं आणि शिवणीच्या कडेला येऊन टपकायचं. पॅकिंगची किंमत चहा-भज्यांएवढी, आणि गेले माझे दोन रविवार. टाकी फुल केली की गळते आणि अर्ध्यावर आली की थांबते, हे मला आधीपासून माहीत होतं. तेवढ्यावरूनच गळती वर आहे हे कळायला हवं होतं.

तेव्हापासून मी आधी टाकी बाहेरून पुसून कोरडी करतो, शिवणींवर आणि जोडांवर खडूची पूड चोळतो आणि तासभर काही करत नाही. पूड जिथे सगळ्यात आधी काळपट पडते, तिथे गळती. नव्या पोरांना हा तासभरच जड जातो.

आता दुसरी चूक. हिच्यावर मी जरा जास्त बोलतो, त्याला कारण आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका मित्राची टाकी घेऊन आम्ही हायवेलगतच्या एका गॅरेजात गेलो होतो. आदल्या दिवशीच रिकामी केलेली, झाकण उघडं ठेवून उन्हात वाळवलेली. मिस्त्रीने नाक लावून वास घेतला, म्हणाला, "काही नाही साहेब, कोरडी ठाक आहे," आणि गॅसची ज्योत पत्र्याला लावली. भरलेलं पोतं माळ्यावरून पडावं तसा धप्प आवाज झाला. चपटी टाकी माठासारखी फुगली, एका बाजूची शिवण उसवली आणि टाकी त्याच्या गुडघ्याजवळून जाऊन शटरवर आदळली. मिस्त्रीच्या भुवया आणि पुढचे केस गेले. दहा मिनिटं त्याला ऐकू येत नव्हतं. कोणीतरी चहा आणला, तो तसाच गार झाला.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, हे लोकांच्या गळी उतरत नाही. भरलेल्या टाकीत वाफेला हवा पुरत नाही. रिकाम्या टाकीत हवा भरपूर असते, आणि त्या हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की ठिणगी पुरते. गंजाच्या थरात आणि शिवणीच्या घडीत पेट्रोल मुरलेलं असतं, ते नाकाला कळत नाही. पत्रा तापला की बाहेर येतं.

म्हणून मी टाकी रेडिएटरवाल्याकडे नेतो, तोही डाख लावायचा तांब्याचा खड्या लांब भट्टीवर तापवून आणणारा, म्हणजे टाकीजवळ ज्योत येत नाही. आधी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून तीनदा खळखळून धुवायची. मग डाखाची जागा वर येईल अशी ठेवून तेवढी जागा सोडून काठोकाठ पाणी भरायचं. त्यानंतरही मी दहा पावलं लांब उभा राहतो. मला भित्रा म्हणतात. म्हणोत.

बाकीच्या चुका थोडक्यात. गळती शोधायला टाकीत कॉम्प्रेसरची हवा मारू नका, शिवणी उसवतात. तोंडाने फुंका किंवा सायकलचा पंप हलक्या हाताने मारा आणि साबणाचं पाणी लावा. पेट्रोल प्लॅस्टिकच्या बादलीत काढू नका, स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. पत्र्याचा डबा घ्या आणि त्याआधी बॅटरीची तार सोडा. हे काम सोसायटीच्या बेसमेंटमध्ये तर नाहीच, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत पाण्याच्या पंपापर्यंत जाते आणि मोटरची ठिणगी तिला पुरते. आतून गंजलेल्या टाकीत सीलर (आतून बसणारा लेप) ओतून मोकळं होणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. वर्षभरात त्याचे पापुद्रे कार्ब्युरेटरमध्ये सापडतात, तेव्हा तेच बोलतात. आधी साखळी घालून हलवा, लिंबाच्या सत्वाने गंज काढा, खाण्याच्या सोड्याने धुवा, लगेच वाळवा, मग सीलर.

आणि हल्ली पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी तळाशी बसतं, टाकी आतून कुजते. जुने रबरी पाइपही त्याने फुगतात. टाकी उतरवलीच आहे तर पाइप इथेनॉल चालणारे घालून घ्या, पुन्हा तेवढ्यासाठी हात काळे करू नका.

दसऱ्याला हार घाला, नारळ फोडा, पण गळती थांबल्याची खात्री होईपर्यंत निरांजन गाडीपासून लांब. टाकी बसवल्यावर पाचच लिटर टाका, खाली वर्तमानपत्र पसरा आणि रात्रभर गाडी उघड्यावर ठेवा. पेट्रोल उडून गेलं तरी कागदावर कडा उठते. सकाळी कागद कोरा असेल तर टाकी फुल करा आणि नवा कागद घालून आणखी एक रात्र थांबा.