पाणबुडीच्या गेममध्ये आपली जागा हुकते ती कुठे? या चुका टाळा

नकाशावर आपोआप सरकणारं बोटीचं चिन्ह बंद केलं की पहिल्या एक-दोन दिवसांतच बरेच जण भरकटतात. खापर सेक्स्टंटवर, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजणाऱ्या उपकरणावर, फुटतं. माझ्या अनुभवात मात्र घोळ बहुतेक वेळा लॉगवहीत, म्हणजे वेळ, दिशा आणि वेगाच्या नोंदींत असतो.

सगळ्यात महागात पडते ती टाइम कॉम्प्रेशनमधली, म्हणजे गेममधली वेळ वेगाने पळवतानाची बेफिकिरी. १०२४ पटीवर खऱ्या घड्याळातला एक सेकंद म्हणजे गेममधली १७ मिनिटं. १० नॉट (तासाला १० सागरी मैल) वेगाने तेवढ्यात बोट जवळजवळ ३ सागरी मैल कापते. वळण घेऊन दहा सेकंदांनी नोंद केलीत, तर २८ मैलांची गफलत झालीच. म्हणून आधी १ पटीवर या, वेळ टिपा, मग सुकाणूला हुकूम द्या. नोंद एवढीच पुरते: ‘०६:४०, कोर्स २७० (अंशांतली दिशा, इथे पश्चिम), ९ नॉट’. पुढची नोंद ०९:१० ची असेल तर अडीच तास गुणिले ९, म्हणजे २२.५ मैल. तेवढी रेघ ओढायची.

डुबकी मारल्यावर वेग बदलतो, हे तर हमखास विसरलं जातं. एकदा विमान दिसलं म्हणून मी ४ नॉटने पाच तास पाण्याखाली काढले आणि हिशेबात मात्र १० नॉटच धरले. फरक ३० मैलांचा. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड आणि ऑर्कनी बेटांमधली वाट पार झाली असं समजून मी नैर्ऋत्येला वळलो, आणि पहाटे समोर ऑर्कनीचा किनारा उभा!

आता सेक्स्टंट. मध्यरात्री तारे ढीगभर दिसतात, पण क्षितिजाची रेघ दिसत नाही. मग कोन मोजणार कशापासून? संधिप्रकाशात सूर्य क्षितिजाखाली ६ ते १२ अंश असताना दोन्ही दिसतात. तेवढीच वेळ साधायची. डोळा पाण्यापासून ५ मीटर उंच असेल तर क्षितिज सुमारे ४ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) खाली दिसतं. ही दुरुस्ती राहिली की ४ मैलांची चूक, कारण एक कला म्हणजे एक सागरी मैल.

घड्याळाकडेही बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांवर बर्लिनची वेळ चाले. ३० अंश पश्चिम रेखांशावर माध्यान्ह ग्रीनिचच्या १४ वाजण्याच्या आसपास होते, म्हणजे त्या घड्याळात १५, आणि उन्हाळी वेळ लागू असेल तर १६. चार सेकंदांची चूक रेखांश एका कलेने सरकवते. अक्षांश मात्र माध्यान्हीच्या सर्वोच्च सूर्यावरून घड्याळ थोडं चुकलं तरी बरा मिळतो.

एवढं करूनही उत्तर जुळत नसेल तर बंदरातच, जागा पक्की माहीत असताना, एक निरीक्षण घ्या. काही गेममध्ये पृथ्वी सपाट आखलेली असते. तिथे खऱ्या नाविक पंचांगाचे (सूर्य-ताऱ्यांच्या स्थानांच्या तक्त्यांचे) आकडे जुळत नाहीत, आणि ते इथेच कळतं.

नकाशावर ठिपका न काढता, बोट ज्यात कुठेही असू शकेल असं वर्तुळ काढत जा. शेवटच्या खात्रीच्या स्थानापासून जितके तास, तितकं ते मोठं. ढगाळ आठवडा गेला तरी बिस्केच्या उपसागराकडे परतताना खोलीमापक उपयोगी पडतो. हजारो मीटरचा तळ झपाट्याने २०० मीटरवर आला की खंडमंचाची (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाची) कड आली. नकाशावरची तीच २०० मीटर खोलीची रेघ वर्तुळाच्या आतून जिथे जाते, तिथेच कुठेतरी तुम्ही असता.