होमस्कूलिंगमधलं बीजगणित: शून्य गेलं कुठे?

लेकीला आम्ही सहावीत शाळेतून काढलं. भाषा, इतिहास, विज्ञान यांची मला धास्ती नव्हती, बीजगणिताची होती. मी स्वतः इंजिनिअर, त्यामुळे तसा आत्मविश्वासही होता. तोच नडला.

सुरुवातीला एक परदेशी ऑनलाइन कोर्स घेतला. छोटे व्हिडिओ, खाली दहा प्रश्न, उत्तर बरोबर आलं की हिरवी टिक. आठ महिन्यांत कोर्स संपला, गुण नव्वदच्या वर. मी नातेवाइकांना कौतुकानं सांगत सुटले. मग एका संध्याकाळी सहज कागदावर लिहून दिलं: क्ष² = ५क्ष. तिनं दोन्ही बाजूंना क्षनं भागलं, क्ष = ५ लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

“शून्य घालून बघ.”

डावीकडे शून्य, उजवीकडेही शून्य. कागदाकडे बघत म्हणाली, “आई, मग हे शून्य गेलं कुठे?”

शून्यानं भागायचं नाही हे तिला पाठ होतं. पण क्ष स्वतःच शून्य असू शकतो, हे कधी तिच्या वाटेत आलंच नव्हतं. कोर्समध्ये प्रत्येक प्रश्नावर ‘अवयव पाडून सोडवा’ असं आधीच लिहिलेलं असायचं. कोणती रीत वापरायची हे तिला एकदाही ठरवावं लागलं नव्हतं.

तेव्हापासून कोणतंही पुस्तक घेताना मी अनुक्रमणिका बघत नाही. ती सगळीकडे साधारण सारखीच असते. आधी वर्गसमीकरणाचं सूत्र शोधते. ते चौकटीत नुसतं छापलंय, की पूर्ण वर्ग करून कसं आलं ते दाखवलंय? मग संकीर्ण प्रश्नसंग्रह बघते: रीती मिसळलेल्या आहेत का? आणि शेवटी, ‘का’ किंवा ‘सिद्ध करा’ असं विचारणारे प्रश्न आहेत का. उत्तर फक्त संख्याच असेल, तर ते पुस्तक सरावापुरतं ठीक.

या चाचणीत मला सुखद धक्का दिला तो बालभारतीनं. नववी आणि दहावीचं ‘गणित भाग १’ म्हणजेच बीजगणित. नववीत संच, वास्तव संख्या, बहुपदी. दहावीत वर्गसमीकरणं आणि अंकगणिती श्रेढी. पूर्ण वर्ग पद्धत दहावीत नीट दिलीय. पीडीएफ फुकट मिळते. आपण उगाच नाकं मुरडतो. उणीव एवढीच, की अवघड, डोकं खाणारी उदाहरणं मोजकी आहेत, आणि अर्थनियोजन, सांख्यिकी हेही त्याच भागात असल्यानं बीजगणिताला पानं कमी उरतात.

ती उणीव आम्ही ‘आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ या अमेरिकन प्रकाशनाच्या ‘इंट्रोडक्शन टू अल्जेब्रा’ या पुस्तकानं भरून काढतो. त्यात आधी प्रश्न, मग स्पष्टीकरण. मुलानं आधी झगडायचं. मूल त्यासाठी तयार आहे का हे तपासायची चाचणी त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. पुस्तक स्वस्त नाही, तेव्हा ती आधी सोडवून घ्याच. मात्र पूर्णांक, अपूर्णांक आणि चिन्हं कच्ची असतील तर हे पुस्तक मुलाला रडवतं. आम्ही ते दोन महिने बाजूला ठेवून आधी अपूर्णांक पक्के केले.

परीक्षेचं म्हणाल, तर एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) माध्यमिक, म्हणजे दहावीच्या परीक्षेला किमान वय १४ लागतं, आणि गणिताचा विषय क्रमांक २११. म्हणजे हाताशी वेळ असतो. नवे पालक त्या अभ्यासक्रमालाच बीजगणिताची कमाल मर्यादा समजतात, ते मला पटत नाही. प्रमाणपत्राची तयारी शेवटचे काही महिने करता येते. केंब्रिज आयजीसीएसई या दहावीच्या पातळीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेकडे जाणार असाल, तर साधं गणित ०५८० आणि ॲडिशनल मॅथेमॅटिक्स ०६०६ यांत बीजगणिताच्या दृष्टीनं बराच फरक आहे. मुलाला पुढे गणित घ्यायचं असेल तर ०६०६चा विचार करा.

वेगाचं वेड मी सोडलं. आता कधी दिवसाला दोनच उदाहरणं होतात, पण वहीत प्रत्येक ओळीशेजारी कारण लिहायचं. परवा मीच घाईत एका समीकरणाला (क्ष − ३)नं भागलं. तिनं माझ्या वहीत लाल पेनानं लिहिलं: ‘क्ष ३ असला तर?’