शिकागोच्या रिग्ली फील्डवर बेसबॉलचा सामना: तारीख, खुर्ची, गाडी आणि डबा

रिग्ली फील्ड 1914 साली बांधलेलं आहे आणि आजही शिकागो कब्ज हा बेसबॉल संघ तिथेच खेळतो. त्यामुळे नव्या स्टेडियमचे आडाखे इथे लागू पडत नाहीत. लोखंडी खांब प्रेक्षकांच्या मध्येच उभे आहेत, मैदान भर वस्तीत आहे आणि लेक मिशिगनचा वारा सामन्याचा रंग बदलतो. ऊन, वारा आणि खांब या तिन्हींचा विचार केला तर स्वस्त तिकिटातही उत्तम सामना बघता येतो. नाही केला तर महागडं तिकीट काढूनही दुपारभर खांबाच्या कडेने मान काढून बघावं लागतं.

तारीख कशी निवडायची

मोसम मार्चच्या शेवटी सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर संपतो. प्रत्येक संघ 162 सामने खेळतो, त्यातले 81 घरच्या मैदानावर. एकच पाहुणा संघ येऊन सहसा लागोपाठ तीन किंवा चार दिवस खेळतो, मग दुसरा येतो, आणि त्यानंतर कब्ज आठवडाभर बाहेरगावी जातात. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी वेळापत्रक उघडा. ते आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच जाहीर होतं, तेव्हा भारतातून येणाऱ्यांनाही हाताशी भरपूर वेळ असतो. जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी चार दिवस सगळा खेळ बंद असतो. नेमके तेच दिवस शिकागोसाठी ठेवू नका.

मालिकेचा शेवटचा दिवस टाळा, पहिला किंवा दुसरा घ्या. कारण पाऊस. सामना पावसाने रद्द झाला तर पैसे सहसा परत मिळत नाहीत, तेच तिकीट पुढे ढकललेल्या सामन्याला चालतं. पहिल्या दिवशी पाऊस पडला तर तो सामना दुसऱ्या दिवशी जोडसामना म्हणून (एकाच दिवशी दोन सामने) होण्याची शक्यता असते आणि तुम्ही अजून गावातच असता. शेवटच्या दिवशी पडला तर तोच पाहुणा संघ पुन्हा शिकागोत येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर तुम्ही घरी पोचलेले असता. थोड्या पावसाने मात्र हातपाय गाळू नका. खेळपट्टीवर ताडपत्री ओढतात, दोन-दोन तास वाट बघतात आणि पुन्हा खेळ सुरू होतो. फलकावर सामना रद्द झाल्याचं दिसेपर्यंत जागा सोडू नका.

महिन्याचा प्रश्न वेगळा. एप्रिलमध्ये तिकिटं स्वस्त असतात, पण बसणं अवघड. तलावावरून वारा आला की 7-8 अंशांतही हाडं गारठतात, आणि भिंतीवरच्या ज्या वेलीच्या फोटोसाठी लोक येतात ती तेव्हा नुसत्या काड्यांची असते. पानं मेच्या मध्यानंतर धरतात. सगळ्यात चांगला काळ मेअखेर ते जूनचे मधले वार, नाहीतर शाळा सुरू झाल्यानंतरचा सप्टेंबर. सेंट लुईस कार्डिनल्स हे जुने वैरी, शिकागोचाच दुसरा संघ व्हाइट सॉक्स, आणि न्यूयॉर्कचे यँकीज किंवा लॉस एंजेलिसचे डॉजर्स आले की दर चढतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने ही नावं टाळली तरी काही बिघडत नाही. खेळ तोच असतो.

रिग्लीवर दिवे लागले 1988 साली, तोवर सगळे सामने उजेडातच होत. आजही इथे दुपारचे सामने इतर मैदानांपेक्षा जास्त असतात, बरेचसे 1 वाजून 20 मिनिटांनी सुरू होणारे. दुपारचाच निवडा. या जागेची मजा उन्हात आहे. रविवारचा असेल तर वेळ पुन्हा पुन्हा तपासा, कारण देशभर प्रक्षेपण करणारी वाहिनी तो सामना संध्याकाळी सरकवू शकते. परतीचं विमान रविवारी रात्रीचं असेल तर हा धोका घेऊ नये.

भारतातून आलेल्या आई-बाबांना पहिल्या दोन-तीन दिवसांत नेऊ नका. उन्हाळ्यात शिकागो भारताच्या साडेदहा तास मागे असतं, म्हणजे तिथल्या संध्याकाळच्या सात वाजता शरीराच्या घड्याळात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात.

खुर्ची

इथे घाई करू नका. मैदानाच्या जवळ म्हणजे चांगलं, हे रिग्लीत खरं नाही.

विभागांचे आकडे कळले की नकाशा सोपा होतो. 100 ची रांग मैदानालगत, 200 ची तिच्या मागे छताखाली, 300 ची वरच्या मजल्यावर पुढे, 400 ची वरच्या मजल्यावर मागे, आणि 500 म्हणजे मैदानाच्या लांबच्या टोकाच्या (आउटफील्डच्या) भिंतीवरचे उघडे बाक, ब्लीचर्स.

वरचा मजला तोलणारे खांब 200 मध्ये आहेत. खांबामागची खुर्ची मिळाली तर पिचर (चेंडू टाकणारा) दिसतो आणि बॅटर दिसत नाही, किंवा उलट. शिवाय 200 च्या मागच्या ओळींत डोक्यावर वरच्या मजल्याचा सज्जा येतो. उंच उडालेला चेंडू त्यामागे गायब होतो आणि लोक का ओरडले ते फलक बघून समजून घ्यावं लागतं. तिकिटाच्या पानावर ‘दृश्य मर्यादित’ अशा अर्थाची बारीक ओळ असते, ती वाचा. पण ती नसली तरी निर्धास्त राहू नका. विभाग, ओळ आणि खुर्ची यांचे आकडे टाकून तिथून काढलेले फोटो शोधा. असे फोटो गोळा करणारी संकेतस्थळं आहेत आणि दोन मिनिटांचं काम आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आमची निवड 300 ची: होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे किंवा तिथून डावीकडे, तिसऱ्या बेसकडे (बेस म्हणजे धावणाऱ्याने गाठायचे थांबे). समोर खांब नाही, सगळं मैदान एका नजरेत येतं, क्षेत्ररक्षक कुठे उभे आहेत ते कळतं. क्रिकेट बघणाऱ्या डोळ्याला हेच हवं असतं. कब्जचा डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागाही, तिसऱ्या बेसच्या बाजूलाच आहे. ऊन सोसत नसेल तर 400 मध्ये छताखाली बसा. तिथेही काही ठिकाणी खांब आड येतात, तेव्हा फोटो बघूनच घ्या. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर पायऱ्यांचा हिशोब करा. वर लिफ्टने जाता आलं तरी खुर्चीपर्यंतच्या पायऱ्या चुकत नाहीत, म्हणून ओळ आणि मधली वाट जवळ असेल अशी जागा बघा.

ब्लीचर्सची गंमत न्यारी. पाठ टेकायला नसलेले बाक, आकडा नसलेली जागा, आधी येईल तो पुढे बसेल. आत जायचं दार वेव्हलँड आणि शेफील्ड या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, मुख्य दाराच्या अगदी विरुद्ध टोकाला. होम प्लेट मैदानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात असल्यामुळे ब्लीचर्समध्ये बसणाऱ्याच्या तोंडावर दुपारभर ऊन असतं आणि सावली मिळत नाही. बिअर वाहते, आरडाओरडा चालतो, आणि पाहुण्या संघाने मारलेला होमरनचा, म्हणजे थेट भिंतीपलीकडे आलेला, चेंडू झेलला तर तो मैदानात परत फेकायचा असा इथला रिवाज आहे. न फेकणाऱ्याला आजूबाजूचे लोक सुखाने बसू देत नाहीत. तरुण मंडळींनी जरूर जावं. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर नको.

तिकीट आणि पैसे

तिकिटं फोनवरच येतात, मेजर लीगच्या (हे संघ खेळतात त्या स्पर्धेच्या) ‘बॉलपार्क’ ॲपमध्ये. पुनर्विक्रीच्या ॲपवर घेतलं तर एकूण रक्कम बघूनच तुलना करा. चार किंवा जास्त जागा शेजारी शेजारी हव्या असतील तर लवकर घ्या. दोघंच असाल आणि मधला वार असेल तर सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी दर बरेचदा उतरतात.

दारात फजिती होते ती दोन कारणांनी. पहिलं, ऐनवेळी नेटवर्क रडतं आणि ॲप उघडत नाही. हॉटेलच्या वायफायवर असतानाच तिकिटं फोनच्या वॉलेटमध्ये उतरवा. स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका. दुसरं, एकाच फोनवर सहा तिकिटं आणि तो फोनवाला मागे राहिलेला. ज्याचं तिकीट त्याच्या फोनवर आधीच पाठवा.

आत रोख पैसे चालत नाहीत, कार्डच लागतं. भारतातलं कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय निघण्याआधी चालू करा, कारण ती मुळात बंद असू शकते. ओटीपी भारतीय नंबरवर येणार असेल तर त्या सिमचं रोमिंगही बघा. बिअर घ्यायची असेल तर वय 21 पूर्ण असल्याचा पुरावा लागतो. पाहुण्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा, केस पिकलेले असले तरी.

पोचायचं कसं

गाडी नेऊ नका. मैदानाभोवती राहती घरं आहेत. आसपासच्या गल्ल्यांत रात्रीच्या सामन्याला परवान्याशिवाय लावलेली गाडी उचलून नेतात, आणि खाजगी जागांचे दर तिकिटाच्या तोडीचे असतात.

शहरातून सीटीएची (शिकागोच्या लोकल-बससेवेची) रेड लाइन गाडी पकडा, हॉवर्डच्या दिशेची, आणि ॲडिसन स्थानकावर उतरा. मैदान समोरच आहे. इथे नवखे हमखास चुकतात: शिकागोत ‘ॲडिसन’ नावाची तीन स्थानकं आहेत, रेड, ब्राउन आणि ब्लू अशा तीन मार्गांवर. ओहेर विमानतळावरून ब्लू लाइनने येताना ॲडिसनची पाटी दिसते आणि लोक टुणकन उतरतात. तिथून मैदान काही किलोमीटर पूर्वेला राहतं. चुकून उतरलातच तर 152 नंबरची ॲडिसन बस पूर्वेकडे मैदानापर्यंत नेते. तसं नको असेल तर ब्लू लाइनने थेट शहरात जॅक्सनपर्यंत या आणि भुयारी वाटेने रेड लाइनवर जा. 95th ची पाटी असलेली रेड लाइन पकडलीत तर उलट दिशेला व्हाइट सॉक्सच्या मैदानाकडे जाल.

परतीला ॲडिसनच्या फलाटावर चेंगरायला होतं. त्यापेक्षा दक्षिणेला बेलमाँटपर्यंत सुमारे 800 मीटर चालत जा. तिथे रेडबरोबर ब्राउन लाइनही मिळते. देशी जेवणाची आस असेल तर उलटं करा: उत्तरेला शेरिडनपर्यंत चालत जा, रेड लाइनने लोयोलाला उतरा आणि 155 नंबरच्या बसने डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर जा. भारतीय-पाकिस्तानी खाणावळी आणि मिठाईची दुकानं ओळीने आहेत.

पिशवी आणि डबा

पिशवी 16 × 16 × 8 इंचांपेक्षा, म्हणजे साधारण 40 × 40 × 20 सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. चाकांची सुटकेस घेऊन विमानतळावरून थेट येऊ नका. बाहेरचं खाणं नेता येतं, याचा फायदा घ्या. पोळीचे रोल, तिखटामिठाच्या पुऱ्या, धपाटे असं कोरडं आणि हाताने खाण्याजोगं पारदर्शक पिशवीत न्या. स्टीलचा डबा आणि थर्मास हॉटेलवरच ठेवा. पाणी कंपनीचं सील न तोडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतलं. काच आणि डबाबंद पेय चालत नाही. नियम मोसमागणिक बदलतात, म्हणून आदल्या रात्री क्लबच्या पानावर एकदा नजर टाका.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: शिकागोचा प्रसिद्ध हॉट डॉग शुद्ध बीफचा असतो. ज्यांना चालत नाही त्यांनी विक्रेत्याला विचारूनच घ्यावा. शाकाहाऱ्यांना प्रेट्झेल, पॉपकॉर्न, शेंगदाणे सहज मिळतात. (हॉट डॉग खाणाऱ्यांनी त्यावर केचप मागू नये. शिकागोकर ते मनावर घेतात.)

कपडे थरांचे: जूनमध्येही एक पातळ जॅकेट, टोपी, सनस्क्रीन. छत्री उघडली की मागच्यांचं दिसणं बंद होतं, त्यापेक्षा प्लास्टिकचा रेनकोट बरा.

आत गेल्यावर

दारं साधारण दीड तास आधी उघडतात. तेव्हाच जा. गर्दी नसताना खालच्या कट्ट्यावरून मैदान जवळून बघता येतं. मध्यभागी ब्लीचर्सच्या वर 1937 चा हिरवा धावफलक आहे. त्यातले आकडे अजून माणसं हाताने बदलतात. त्याच्यावरचे झेंडे बघा. ते मैदानाकडून ब्लीचर्सच्या दिशेने फडफडत असतील तर वारा बाहेर वाहतोय, होमरन पडणार. तलावाकडून आत येत असतील तर जोरात मारलेले फटकेही भिंतीअलीकडे झेलले जातात. वेलीत चेंडू अडकला आणि क्षेत्ररक्षकाने हात वर केले तर बॅटरला दोनच बेस मिळतात.

क्रिकेटच्या सवयीत तीन गोष्टी नडतात. फटका मैदानात पडला की धावावंच लागतं, नको म्हणण्याची सोय नाही. पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू फाउल, आणि तोही झेलला तर बॅटर बाद. तीन बाद झाले की डाव पालटतो; दोन्ही संघांचा एकेक डाव म्हणजे एक इनिंग, अशा नऊ. 2023 पासून पिचरला चेंडू टाकायला घड्याळाची मर्यादा घातल्यामुळे सामना सरासरी 2 तास 40 मिनिटांच्या आसपास आटपतो. बॅटर खेळत असताना पायऱ्यांवरून ये-जा करू नये, कर्मचारी थांबवतातही. डाव पालटताना उठा. खाणं आणायला तिसरी-चौथी इनिंग बरी. सातवीच्या मध्यावर मात्र जागेवर असा, तेव्हा सगळं मैदान उभं राहून एकत्र गातं.

खालच्या जागा घेतल्या असतील तर प्रेक्षकांपुढे संरक्षक जाळी नसलेल्या भागात बसताना फोनमध्ये डोकं घालू नका. फाउल चेंडू डोळ्याची पापणी लवेपर्यंत येतो. लहान मूल मांडीवर असेल तर जाळीमागचीच जागा घ्या.

सामना संपल्यावर दहा मिनिटं थांबा. धावफलकावर झेंडा चढतो: पांढऱ्यावर निळा डब्ल्यू म्हणजे कब्ज जिंकले, निळ्यावर पांढरा एल म्हणजे हरले. तोवर ॲडिसनच्या फलाटावरची पहिली लाटही ओसरू लागते.