लकवा झालेला माणूस घरी आल्यावर या चुका टाळा

लकव्यात हात-पाय लुळे पडतात, म्हणून घरातले सगळे त्या हाता-पायाच्याच मागे लागतात. तेल, शेक, रबरी बॉल, छताला टांगलेली दोरी. पण हाताचे स्नायू आणि हाडं जागेवर असतात. बिघाड मेंदूत झालेला असतो. कुणाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, तर कुणाची रक्तवाहिनी फुटलेली असते. मेंदूचा जो भाग मरतो तो परत येत नाही. त्याचं काम उरलेला मेंदू नव्याने शिकतो, आणि ते शिकायला त्याला रुग्णाने स्वतः केलेली हालचाल लागते, तीही पुन्हा पुन्हा. घरोघरी जाऊन व्यायाम देताना मी पहिल्या दिवशी नातेवाइकांना हेच सांगते, कारण पुढच्या बहुतेक चुका हे ठाऊक नसल्यामुळे होतात.

हाताला धरून उठवणं

सगळ्यात जास्त नुकसान यातूनच होतं आणि ते सहज टाळता येतं. खांद्याचा सांधा स्नायूंच्या आधारावर जागेवर राहतो. लकव्यानंतर ते स्नायू सैल पडतात आणि हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकतो. खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं तर खाच लागते. अशा हाताला धरून, किंवा काखेत हात घालून माणसाला वर ओढलं की खांदा दुखायला लागतो. मग रात्री झोप नाही, हाताला कुणी हात लावू देत नाही, व्यायाम थांबतो आणि हात आखडत जातो. पाय बरा होऊन माणूस चालू लागतो, पण खांद्याचं दुखणं वर्षभर तसंच राहतं, हे मी फार पाहिलं आहे.

उठवताना तुमचा हात रुग्णाच्या कमरेपाशी हवा. जाड कापडी पट्टा कमरेला बांधला तर पकड चांगली मिळते. खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला ठेवा, त्याचे पाय जमिनीवर टेकवा, त्याला पुढे झुकू द्या आणि मग उभं करा. बसलेला असताना कमजोर हात मांडीवरून लोंबकळू देऊ नका, उशीवर ठेवा. दोरी-चरखीने हात डोक्याच्या वर ओढण्याचा व्यायाम करू नका. सदरा घालताना कमजोर हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी.

बॉल दाबत बसणं

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "बॉल दाबता ना?" हात ताठ व्हायला लागला असेल, तर मूठ मिटण्याची ताकद त्याच्यात आधीच नको तितकी असते. अडचण असते ती बोटं उघडण्याची. दिवसभर बॉल दाबून मूठ आणखी घट्ट होते. त्यापेक्षा टेबलावर पालथा हात टेकवून त्यावर भार द्या, पेला धरून सोडायचा सराव करा, मटार सोलताना कमजोर हाताने वाटी धरायला लावा. मालिशीने बरं वाटतं, हलक्या हाताने जरूर करा, पण ती व्यायामाच्या जागी चालत नाही. शेकाची मात्र भीती बाळगा. त्या बाजूला स्पर्श कळत नसेल तर गरम पिशवीने कातडी भाजते आणि रुग्णाला पत्ता लागत नाही.

आडवं ठेवून भरवणं

लकव्यात गिळण्याचे स्नायूही कमजोर होऊ शकतात. मग घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. घरच्यांना वाटतं की पातळ दिलं की सोपं जाईल. खरं तर साधं पाणी आणि पातळ चहा गिळायला सगळ्यात अवघड, कारण ते घशात पटकन घसरतं. दाट पेज किंवा मऊ खिमट बऱ्याच जणांना जास्त सुरक्षित असतं, पण कुणाला काय द्यायचं ते गिळण्याची तपासणी झाल्यावरच ठरवा. सरळ बसवूनच भरवा, घास लहान ठेवा, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. खाताना ठसका लागणं, नंतर आवाज ओला-घोगरा येणं ही धोक्याची खूण आहे. काहींना ठसकाही लागत नाही, नुसता वारंवार ताप येतो. अन्नासाठी नाकातून घातलेली नळी "आता बरे दिसतात" म्हणून घरच्या घरी काढू नका.

"तुम्ही बसा, मी करते"

प्रेमापोटी सून घास भरवते, मुलगा दात घासून देतो, बायको बटणं लावते. वेळ वाचतो, पण मेंदूला मिळणारा सराव जातो. कमजोर हात वापरलाच नाही, की असलेली हालचालही हळूहळू वापरातून जाते. दहा मिनिटं लागू द्या, दाढी अर्धी राहू द्या. व्यायाम फिजिओच्या तासाभरात उरकायचा नसतो, तो उठण्या-बसण्यात आणि जेवणा-आंघोळीत असतो. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. काठी चांगल्या हातात.

डावी बाजू गेलेल्या काही रुग्णांचं आणखी एक असतं. त्यांना डावीकडचं जगच जाणवत नाही. ताटातली उजवीकडची भाजी संपते, डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. घरचे म्हणतात, "आवडली नसेल." ताट फिरवून बघा. आणि बोलताना मुद्दाम डावीकडे बसा, म्हणजे मान तिकडे वळेल.

हट्टीपणा समजणं

मला याचंच जास्त वाईट वाटतं. आयुष्यभर घर चालवलेला माणूस व्यायामाला नाही म्हणतो, रडतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो, आणि घरचे म्हणतात, "मनच नाही त्यांचं बरं व्हायचं." लकव्यानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. मेंदूला झालेली इजाही त्याला कारण असते. ते ओळखता येतं आणि त्यावर उपचार आहेत. झोप-भूक उडाली, दोन आठवडे मन कशातच रमत नाही असं दिसलं, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानसच्या 14416 या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, आणि तो सांभाळणाऱ्यांसाठीही आहे. "मरून गेलो तर बरं" हे वाक्य कानाआड करू नका.

बोलता न येणं म्हणजे न समजणं नव्हे. उजव्या बाजूच्या लकव्यात बऱ्याचदा भाषाही जाते. म्हणायचं असतं चहा, तोंडातून येतं चप्पल. अशा माणसासमोर मोठ्याने ओरडू नका, आणि तो तिथे नाहीच अशा थाटात त्याच्या औषधांचा खर्च बोलू नका. लहान वाक्यं बोला, एका वेळी एकच प्रश्न विचारा, खुणा-चित्रं वापरा आणि उत्तराची वाट पाहा. वाणीउपचार लवकर सुरू करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, आणि चालण्यापासून स्प्लिंटपर्यंतच्या (हात-पाय नीट स्थितीत धरून ठेवणारा आधार) पुनर्वसनासाठी हाजी अलीला 1955पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे.

"सहा महिने झाले, आता काही होणार नाही"

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, म्हणून ते दिवस कबुतराच्या रक्ताच्या मालिशीत आणि या गावाहून त्या गावाला औषध आणायला जाण्यात घालवू नका. पण सहा महिन्यांनी दार बंद होत नाही. वेग कमी होतो, तरी सराव चालू ठेवणाऱ्यांना वर्षानंतरही चालण्यात आणि हाताच्या कामात फरक पडतो.

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करणं ही चूक तर जिवावर बेतते. गोळी चालू आहे म्हणूनच ते नॉर्मल असतं. रक्त पातळ करणारी गोळीही स्वतःच्या मनाने थांबवू नका. लकवा पुन्हा येऊ शकतो, म्हणून खुणा घरातल्या पोरांनाही शिकवा: तोंड एका बाजूला ओढलं जाणं, हात खाली पडणं, जीभ अडखळणं. असं झालं तर तोंडात पाणी-साखर घालू नका, तडक सीटी स्कॅनची सोय असलेल्या इस्पितळात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. ती वेळ लिहून घ्या आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.