नवीन देशात घरचा संगणक घेताना

नवी मंडळी येतात, घर लागतं, बँकेचं खातं उघडतं आणि लगेच प्रश्न येतो, "लॅपटॉप कुठला घेऊ?" सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण बहुतेक जण स्वतःकडे आहे तोच चांगला म्हणून सांगतात. मी मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण वर्षभरात ते दुकानातून गेलेलं असतं. एक कसोटी मात्र सांगते. जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज पैसे घाला, आणि जे नंतर बदलता येतं ते आज साधं घ्या. नव्या मंडळींचं नुकसान होतं ते हे उलटं केल्यामुळे. बॅग, माउस, अँटीव्हायरसचं वर्षाचं पॅकेज असं सगळं दुकानातच घेतात आणि रॅम, म्हणजे चालू कामं सांभाळणारी तात्पुरती स्मृती, कमी घेऊन येतात.

रॅमबद्दल मी प्रत्येकाला सांगते, आणि इथेही जरा लांबवून सांगणार आहे. हल्लीच्या पातळ लॅपटॉपपैकी बऱ्याच मॉडेलांत रॅम मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, सोल्डर केलेली, म्हणजे पक्की जोडलेली असते. ॲपलने २०२० पासून स्वतःच्या चिपचे मॅक आणले. त्यांच्यातली रॅमही नंतर वाढवता येत नाही. म्हणजे आज ८ जीबी घेतलीत, तर यंत्र टाकून देईपर्यंत ८ जीबीच. विंडोज ११ ची कागदावरची किमान अट ४ जीबी आहे, पण त्या आकड्यावर विसंबू नका. व्हिडिओ कॉल चालू आहे, ब्राउझरमध्ये घराचे, कामाचे, व्हिसाचे वीस टॅब उघडे आहेत आणि मागे फोटो अपलोड होताहेत, एवढ्यात ८ जीबी भरते. मग संगणक एसएसडीचा, म्हणजे फायली साठवण्याच्या जागेचा, काही भाग रॅमसारखा वापरू लागतो. एसएसडी रॅमपेक्षा कितीतरी हळू, त्यामुळे सगळंच रखडतं. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने नवरा-बायकोसाठी सारखेच दोन लॅपटॉप घेतले, दोन्ही ८ जीबीचे, "पुढे वाढवू" म्हणून. उघडून पाहिलं तर रॅमची पट्टी बसवायला स्लॉटच नव्हता. दोन्ही यंत्रं मिळेल त्या किमतीला विकावी लागली.

म्हणून १६ जीबीच्या खाली जाऊ नका. विक्रेता "नंतर वाढवता येते" म्हणाला, तरी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचा तपशील काढून वाचा. 'ऑनबोर्ड' किंवा 'सोल्डर्ड' लिहिलं असेल, तर वाढवता येणार नाही असं धरा. 'एलपीडीडीआर५' असा रॅमचा प्रकार दिसला, तरी बहुतेक तोच अर्थ. 'सो-डिम' (काढता-घालता येणारी रॅमची पट्टी) आणि स्लॉटची संख्या लिहिलेली असेल तरच वाढवता येईल. हे वाचायला पाच मिनिटं लागतात.

साठवणुकीला एवढी काळजी नको. ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान जातीची) एसएसडी पुरे. विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसते, पण त्यात फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी असते. विंडोजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एम.२ नावाच्या खाचेत बसणारी एसएसडी नंतर बदलता येते. स्वस्त यंत्रांत 'ईएमएमसी' नावाची साठवणूक असते, ती मात्र घेऊ नका. ती हळू असते आणि सहसा सोल्डरच केलेली असते.

प्रोसेसरच्या, म्हणजे मुख्य चिपच्या बाबतीत नावावरून फसायला होतं. मोठा आकडा म्हणजे नवी चिप असं समजू नका. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतल्या लॅपटॉप चिप पाहा. त्यांच्या नावातला तिसरा अंक चिपची रचना सांगतो. रायझन ५ ७५२०यू ही झेन २ रचनेची, ७५३०यू झेन ३ ची आणि ७५४०यू झेन ४ ची. यांत झेन २ सर्वांत जुनी, झेन ४ सर्वांत नवी. दुकानातल्या पाटीवर तिन्ही 'रायझन ५' म्हणूनच मिरवतात. इंटेलमध्येही 'आय७' आहे म्हणून भारावून जाऊ नका. दोन पिढ्या जुन्या आय७ पेक्षा त्यानंतरचा आय५ घरकामाला बरेचदा सरस ठरतो. स्नॅपड्रॅगन या आर्म जातीच्या चिपचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला चांगले असतात, पण जुना प्रिंटर, बँकेचं किंवा डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, ऑफिसचं व्हीपीएन यांतलं काही वापरत असाल, तर त्याचा आर्म चिपसाठीचा ड्रायव्हर (ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम) आहे का, हे आधी तपासा.

स्क्रीनही सहज बदलता न येणाऱ्यांतलीच. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या (ठिपक्यांच्या) खाली नको, आयपीएस पॅनेल (बाजूनेही रंग नीट दाखवणारं) हवं आणि उजेड ३०० निट्स असला तर उत्तम. रोज तासन् तास बघायचं ते याच काचेत.

आता कीबोर्ड. याबद्दल आपले लोक कोणी बोलत नाहीत, कारण जुन्यांना सवय झालेली असते. जर्मन भाषेच्या देशांत झेड आणि वाय यांची अदलाबदल असते, फ्रान्समध्ये पहिली ओळच वेगळी असते आणि ॲट द रेटचं चिन्ह भलत्याच बटणावर. सेटिंग्जमध्ये मांडणी बदलता येते, पण बटणांवर छापलेली अक्षरं तीच राहतात. न बघता टाइप करणाऱ्याचं यात फार बिघडत नाही. मुलं शाळेत स्थानिक कीबोर्ड शिकणार असतील, तर घरीही तोच घ्या, असं माझं ठाम मत आहे. मराठीचं काय, असं विचारणाऱ्यांना सांगते की त्यासाठी वेगळा कीबोर्ड लागत नाही. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची ठरलेली मांडणी आहेच, आणि २०१९ पासून उच्चारानुसार टाइप करायचा मराठी फोनेटिक कीबोर्डही त्यातच मिळतो.

विंडोजची आवृत्तीही पाहून घ्या. 'होम' असेल तर स्थानिक भाषेतला संगणकही इंग्रजीत किंवा मराठीत करता येतो. 'होम सिंगल लँग्वेज' असेल तर आवृत्ती वाढवल्याशिवाय भाषा बदलत नाही.

मायदेशाहून लॅपटॉप घेऊन येणारे चार्जरबद्दल घाबरून विचारतात. चार्जरच्या डब्यावर '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं छापलेलं असेल, तर कुठेही चालतो. फक्त पिन वेगळी. डब्यातून निघून भिंतीपर्यंत जाणारी वायर बहुतेक चार्जरना सुटी होते, तेवढीच इथली विकत घ्या. ढिल्या ॲडॉप्टरवर वर्षानुवर्षं काढणारी घरं मी पाहिली आहेत, तसं करू नका.

मायदेशाहून आणण्यात खरी अडचण वॉरंटीची आहे. "येताना एक लॅपटॉप घेऊन या" असं नातेवाइकांना सांगण्याची आपल्यात पद्धत पडली आहे. पण लॅपटॉपची वॉरंटी पुष्कळदा विकलेल्या देशापुरतीच असते. काही कंपन्या आंतरराष्ट्रीय वॉरंटी देतात, तीही ठरावीक मॉडेलांना. कीबोर्ड किंवा स्क्रीन गेली, तर लॅपटॉप परत पाठवायचा कसा, याचं उत्तर आधीच काढून ठेवा. जिथे राहता तिथेच विकत घ्या, हा माझा सल्ला.

आता नाजूक विषय. देश सोडून परत जाणारी आपली माणसं सामान विकतात आणि नवे येणारे ते डोळे मिटून घेतात. आपल्या माणसाचा आहे, चांगलाच असणार. माणूस चांगला असतो, प्रश्न यंत्राचा असतो. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीची किंवा त्यापुढची चिप. त्याआधीचा लॅपटॉप कितीही चकचकीत असो, मुख्य संगणक म्हणून घेऊ नका. दुसरं म्हणजे, तो पूर्वी ऑफिसचा होता का, हे स्पष्ट विचारा. कंपनीच्या नोंदणीत राहिलेलं यंत्र पुसून नव्याने सुरू केलं, तरी कंपनीच्याच खात्याने लॉगिन मागतं. मॅकमध्ये जुन्या मालकाचा ॲक्टिव्हेशन लॉक (त्याच्या खात्याचं कुलूप) राहिला, तर तो मॅक तुमच्या काही उपयोगाचा नाही. म्हणून विकणाऱ्यासमोर यंत्र पूर्ण पुसायला लावा, स्वतःच्या खात्याने सुरू करून बघा आणि मगच पैसे द्या. संकोच करू नका. तो विमानात बसल्यावर कुणाला विचारणार?

दुकानाबद्दल एवढंच, की तुम्ही विचारलंत तेवढ्याचं उत्तर नीट मिळतं, न विचारलेलं कोणी आपण होऊन सांगत नाही. म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या, घरी येऊन तपशील वाचा आणि दुसऱ्या दिवशी जा. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये तीन वेगवेगळ्या स्क्रीन असू शकतात, फरक त्या लांबलचक क्रमांकातच असतो.

डेस्कटॉप घेऊ का? भाड्याचं घर बदलण्याची शक्यता असेपर्यंत नको. लॅपटॉप आणि वेगळा मॉनिटर, एवढ्यावर सुरुवातीची वर्षं उत्तम जातात. मॉनिटर यूएसबी-सी ने जोडायचा असेल, तर लॅपटॉपच्या त्या पोर्टमधून व्हिडिओ निघतो का बघा. प्रत्येक पोर्टमधून निघत नाही.

संगणक घरी आल्यावर पहिलं काम खात्याचं करा. तुमचं ईमेल आणि मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपलचं खातं अजून जुन्या देशातल्या सिमला जोडलेलं असेल. ते सिम रिचार्ज न होता बंद पडलं की पडताळणीचा कोड येणार कुठे? आधी नवा नंबर जोडा. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्क बरेचदा आपोआप कुलूपबंद होते, आणि एखाद्या अपडेटनंतर यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ती कागदावर उतरवून पासपोर्टच्या फायलीत ठेवा. पासपोर्ट, व्हिसा, जन्मदाखले, लग्नाचं प्रमाणपत्र यांच्या स्कॅन केलेल्या प्रती एका बाहेरच्या ड्राइव्हवर आणि एका क्लाउडवर, अशा दोन्हीकडे ठेवा.

वस्तू परत करायला आपली माणसं लाजतात, विशेषतः नवी. परतीची मुदत बिलावर बघून फोनमध्ये तारीख लावा आणि तेवढ्या दिवसांत यंत्र भरपूर वापरा. सगळी पोर्ट, कॅमेरा, माइक, वायफाय तपासा, पांढऱ्या पडद्यावर मेलेला पिक्सेल (न उजळणारा ठिपका) शोधा, बॅटरी पूर्ण संपेपर्यंत चालवून बघा. काही खटकलं तर खोक्यासकट उचलून सरळ दुकानात न्या.