आपोआप उगवलेली टोमॅटोची रोपं: या चुका टाळा

कंपोस्ट घातलेल्या कुंडीत टोमॅटोच्या रोपांचं दाट पुंजकं उगवतं. पेरलेलं कुणीच नसतं, ओल्या कचऱ्यातून आलेल्या बिया रुजलेल्या असतात. अशी रोपं चिवट असतात आणि नीट वाढवली तर भरपूर फळं देतात. तरीही बरीचशी फळावर येण्याआधीच संपतात. याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे फुकट आली म्हणून सगळीच ठेवणं.

एका कुंडीत वीस रोपं राहिली की प्रत्येक जण उजेडासाठी वर धावतो. खोडं बारीक, पिवळट होतात, हवा खेळत नाही, आणि वरून रोज पाणी मारलं की खोड मातीलगत दोऱ्यासारखं बारीक होऊन रोप आडवं पडतं. हा बुरशीचा रोग आहे. कोलमडलेलं रोप वाचत नाही, त्यामुळे विरळणी आधीच करायला हवी. दोन-तीन खरी पानं (म्हणजे पहिल्या दोन बीजपानांनंतरची) आली की निवड करा. इथे लोक हमखास सर्वांत उंच रोप ठेवतात. ठेवायचं असतं ते बुटकं, जाड खोडाचं, गडद पानांचं. बाकीची उपटू नका, कात्रीने मातीलगत कापा, म्हणजे ठेवलेल्या रोपाची मुळं हलत नाहीत. एखादं दुसरीकडे लावायचंच असेल तर चमच्याने मातीसकट उचला आणि पानाला धरा. पान फाटलं तर नवीन येतं, खोड चेपलं तर रोप गेलंच.

त्याआधी ते टोमॅटोच आहे ना, हे बघून घ्या. पहिली दोन पानं लांबट, टोकदार असतात. नंतरची पानं अनेक पर्णिकांत (छोट्या पानांत) विभागलेली, खोडावर बारीक लव, आणि पान चुरगळलं की तो ओळखीचा उग्र वास येतो. कामोणी आणि धोतरा ही याच कुळातली तणं सुरुवातीला फसवतात, पण त्यांची पानं अशी विभागलेली नसतात. धोतरा विषारी आहे, तेव्हा शंका असेल तर रोप ठेवू नका.

फळ आईसारखंच येईल, ही अपेक्षाही सोडा. विकतचे टोमॅटो बहुधा संकरित वाणांचे असतात, आणि त्यांच्या बियांपासून आलेली भावंडं आकाराला, चवीला वेगवेगळी निघतात. म्हणून जागा असेल तर एकाच रोपावर भिस्त न ठेवता दोन-तीन वाढवावीत, वेगवेगळ्या कुंड्यांत. एका कुंडीत एकच रोप, कुंडी निदान १५ ते २० लिटरची, आणि ऊन रोज ६ ते ८ तास.

पुनर्लागवड करताना रोप उथळ लावू नका. खालची पानं काढा आणि खोडाचा बराचसा भाग मातीत जाऊ द्या. टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात. मोठ्या झाडाच्या खोडावर खालच्या बाजूला बारीक पांढरट पुळ्या दिसतात ना, ती न फुटलेली मुळंच असतात, रोग नव्हे. आधाराची काठीही त्याच वेळी रोवा, नंतर खुपसलेली काठी मुळं तोडते.

बगलफुटी, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारे कोंब, खुडण्याची घाई नको. आपोआप आलेल्या रोपाची जात माहीत नसते. शेंडा फुलांच्या घोसात संपून वाढ थांबत असेल तर ते झुडपी वाण आहे, त्याच्या बगलफुटी खुडल्या तर फळंच कमी होतात. शेंडा वाढतच राहिला तर पहिल्या घोसाखालच्या फुटी काढा.

झाड दांडगं, हिरवंगार, पण फूल नाही? नत्र जास्त झालंय. रोप मुळातच कसदार मातीत उगवलेलं असतं, त्यात आणखी खत ओतायची गरज नसते. फुलं येऊन गळत असतील तर बहुतेकदा उष्णता कारण असते: दिवसा ३५ अंशांच्या आसपास आणि रात्री २४ च्या वर तापमान राहिलं की फळधारणा बिघडते. दुपारची सावली द्या. बंद गॅलरीत वारा नसेल तर घोसाच्या देठावर हलकी टिचकी मारा, परागकण झडतात.

फळाचं बूड काळं, खोलगट पडलं की लोक अंड्याची टरफलं घालतात. ती विरघळायला फार वेळ लागतो, आणि मातीत कॅल्शियम सहसा असतंच. कधी कोरडं, कधी चिखल, अशा पाण्यामुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही. माती बोटभर खोल ओलसर राहील असं पाणी द्या आणि वर पालापाचोळ्याचा थर घाला. फळं तडकायचंही त्यानेच कमी होतं.

पानं वळण्याचे दोन प्रकार मात्र नीट ओळखायला हवेत. खालची पानं हिरवी राहून लांबीत गुंडाळली जात असतील तर तो उन्हाचा ताण आहे, काळजी नको. शेंड्याची पानं लहान, कडेला पिवळी, वर वळलेली आणि वाढ खुंटलेली असेल तर तो बोकड्या, पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू. त्याला औषध नाही. उपटण्याआधी रोपावर पिशवी घाला, म्हणजे माशी शेजारच्या कुंड्यांवर उडून जात नाही.